दुसऱ्या पानावरची ओळ

एप्रिल २०२३ मधला रविवार. सकाळी साडेसातच्या सुमाराला शेजारच्या गल्लीतल्या काकूंचा मुलगा आमच्या राजेंद्रनगरच्या घरी आला. पुण्याहून रात्रीच्या बसने आला होता, अजून तोंडही धुतलं नव्हतं. हातात साडीच्या दुकानाची जाड प्लास्टिकची पिशवी. म्हणाला, "काका, यात आईचे सगळे जुने रिपोर्ट आहेत. आधी कधी छातीचा सीटी झाला होता का, असं डॉक्टर विचारतायत. आई नाही म्हणते. तुम्ही एकदा बघाल का?"

मी ३१ वर्षं इंदूरच्या रुग्णालयांत एक्स-रे आणि सीटीच्या खोलीत तंत्रज्ञ म्हणून काढली. निवृत्त झाल्यापासून ओळखीतले लोक अशा पिशव्या घेऊन येतात. मी डॉक्टर नाही, निदान करत नाही. कुठला कागद कशाचा, तारीख कोणती, तो कोणाला दाखवायचा, एवढंच सांगतो.

पिशवीत छातीचा सीटी नव्हता. पोटाचा होता, फेब्रुवारी २०२२ मध्ये मुतखड्यासाठी काढलेला. दोन पानांचा रिपोर्ट. पहिल्या पानावर नाव, वय ६१, पाठवणाऱ्या डॉक्टरांचं नाव, मग मूत्रपिंडं आणि मूत्रनलिका. दुसऱ्या पानावर यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, प्लीहा. त्यानंतर एक ओळ: फुप्फुसांच्या तळाचा जो भाग दिसतो आहे त्यात उजवीकडे खालच्या खंडात ११ मिलिमीटरची घन गाठ आहे. आणि तिला जोडून तीन शब्द, 'सजेस्ट सीटी थोरॅक्स'. मग मणके. मग ठळक अक्षरांत 'इम्प्रेशन', म्हणजे निष्कर्ष: डाव्या मूत्रनलिकेच्या तळाशी ५ मिलिमीटरचा खडा, त्यामुळे डाव्या मूत्रपिंडाला थोडी सूज, यकृतात चरबी.

गाठ निष्कर्षात नव्हती.

मुलगा माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याला ती ओळ बोटाने दाखवण्याखेरीज माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

हे प्रकरण मी काकूंच्या आणि त्यांच्या मुलाच्या परवानगीने लिहितो आहे. डॉक्टर, सेंटर, वकील यांची नावं लिहिलेली नाहीत.

चौदा महिने

पोटाच्या सीटीत फुप्फुस कसं आलं, असा प्रश्न घरच्यांना पडला होता. मूत्रपिंडाचं वरचं टोक सुटू नये म्हणून आम्ही काप घ्यायला श्वासपटलाच्या थोडं वरूनच सुरुवात करतो. त्यामुळे फुप्फुसांचा तळ प्रत्येक पोटाच्या सीटीत येतोच. प्रतिमा वाचून रिपोर्ट लिहिणारा डॉक्टर, म्हणजे रेडिओलॉजिस्ट, चांगला असेल तर तो तेवढा भागही नीट बघतो. इथे त्याने बघितला होता. ११ मिलिमीटरची गाठ खडा शोधताना नजरेतून सुटू शकते, ती सुटली नाही, हे त्याच्या बाजूने आधी नोंदवायला हवं.

काकूंना दुखायला लागलं तेव्हा आधी सोनोग्राफी झाली, मग युरॉलॉजिस्टने, म्हणजे मूत्रविकारांच्या डॉक्टरांनी, सीटी सांगितला. संध्याकाळी सीटी झाला. रात्री १० वाजून ४० मिनिटांनी रिपोर्टची पीडीएफ मुलाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पोचली, कारण फॉर्मवर नंबर त्याचा होता. त्याने पुण्यात, जेवणाच्या टेबलावर, फोनवरच उघडली, थेट शेवटच्या ठळक ओळींवर गेला, खडा ५ मिलिमीटरचा आहे हे वाचलं आणि युरॉलॉजिस्टच्या मदतनिसाला पुढे पाठवून दिली. त्याच्या जागी मी असतो तरी तसंच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी काकू रिक्षाने जाऊन फिल्म आणि छापील रिपोर्ट घेऊन आल्या. काउंटरवरच्या मुलाने लिफाफा देताना सांगितलं, "आंटी, स्टोन है, बाकी सब ठीक है. डॉक्टर साहब को दिखा देना." तो मुलगा काही वाईट नव्हता. घाबरलेल्या बाईला धीर द्यावा म्हणून तो बोलला. पण घरी आल्यावर काकूंच्या लक्षात राहिलं ते हेच वाक्य. वर्षभर त्या सगळ्यांना तेच सांगत होत्या: सीटी झाला, खड्याशिवाय बाकी सगळं ठीक होतं.

युरॉलॉजिस्टने फिल्म दिव्याच्या काचेवर लावली, खडा बघितला, चिठ्ठीवर 'सीटी: ५ एमएम, डावीकडे' असं लिहून गोळ्या आणि भरपूर पाणी सांगितलं. एवढा लहान खडा बहुतेक वेळा आपणहून पडतो, तसा तो रंगपंचमीच्या सुमाराला पडला. काकूंनी मुलाला फोन करून सांगितलं, लिफाफा पिशवीत गेला, पिशवी कपाटात गेली.

जानेवारी २०२३ पासून खोकला. फॅमिली डॉक्टरांनी दोनदा अँटिबायोटिक दिलं, मार्चमध्ये एक्स-रे, एप्रिलमध्ये छातीचा सीटी. त्याच जागी आता २६ मिलिमीटरची गाठ होती आणि छातीच्या मधल्या भागातल्या लसीका ग्रंथी वाढलेल्या होत्या. सुईने तुकडा काढून तपासला. फुप्फुसाचा अ‍ॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे कॅन्सरचा एक प्रकार, टप्पा तिसरा 'अ'. काकूंनी आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही.

११ मिलिमीटरची होती तेव्हाच ती कॅन्सरची होती का, हे आज शपथेवर कोणी सांगणार नाही. आपल्याकडे जुन्या क्षयाच्या अशा गाठी कितीतरी जणांच्या छातीत असतात आणि त्या जन्मभर काही करत नाहीत. म्हणूनच त्यांच्यावर लक्ष ठेवायची पद्धत ठरलेली आहे. छातीच्या प्रतिमांच्या तज्ज्ञांची फ्लाइश्नर सोसायटी ही आंतरराष्ट्रीय संघटना, तिच्या २०१७ च्या मार्गदर्शनात ८ मिलिमीटरपेक्षा मोठी एकटी घन गाठ असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा सीटी, किंवा पेट सीटी, किंवा तुकडा काढून तपासणी, यांतलं काहीतरी विचारात घ्यायला सांगितलं आहे. काकूंच्या बाबतीत त्या तीन महिन्यांच्या जागी चौदा महिने गेले. त्या काळात ग्रंथींपर्यंत पसरलेलं पुन्हा मागे घेता येत नाही.

"मराठीत लिहून दे"

केमोची तारीख ठरली त्या आठवड्यात मी काकूंना भेटायला गेलो. त्या इंदूरच्या मराठी शाळेत जुन्या अकरावीपर्यंत शिकलेल्या. पेपर रोज वाचतात, बँकेची पासबुकं स्वतः सांभाळतात, घराच्या वाटणीचे कागद त्यांनी स्वतः तहसीलमध्ये उभं राहून करून घेतलेले. त्यांनी रिपोर्ट माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "त्या ओळीत काय लिहिलंय ते मला मराठीत लिहून दे. सोपं करू नकोस. आहे तेच लिही."

मी रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात ११ मिलिमीटरची गाठ दिसते आहे. छातीचा वेगळा सीटी करून घेण्याचा सल्ला आहे.

त्यांनी दोनदा वाचलं. "हे मला कळलं असतं रे," म्हणाल्या. "यात न कळण्यासारखं काय आहे?"

रुग्णाला सांगितलं तर तो घाबरतो, त्याला अर्धवट कळतं, तो गुगल करत बसतो, ही कारणं मी ३१ वर्षं ऐकली. कधीकाळी मलाही ती पटायची. पण कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतले एप्रिल-मे २०२१ आठवा. तेव्हा इंदूरमधल्या प्रत्येक घरात एकच प्रश्न होता, स्कोर किती आला? २५ पैकी किती, हा सीटीचा आकडा भाजीवाल्यापासून आजीपर्यंत सगळ्यांना माहीत होता. आठ आला तर काय, अठरा आला तर काय, कोणाला फोन करायचा, ऑक्सिजनची सोय कुठे बघायची. लोक घाबरले, नक्कीच घाबरले, पण हललेही. कोणालाही रेडिओलॉजी शिकवावी लागली नाही. एक आकडा त्यांच्या भाषेत तोंडाने सांगितला गेला, बस्स.

तिकडे काय केलं

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याने नेमक्या या गोष्टीवर कायदा केला. २०१८ चा ११२ वा कायदा, ऑक्टोबरमध्ये सही झाली आणि २३ डिसेंबर २०१८ पासून लागू झाला. बाहेरून येणाऱ्या रुग्णाच्या तपासणीत एखादी लक्षणीय विकृती दिसली, तर तपासणी करणाऱ्या सेंटरनेच रुग्णाला थेट कळवायचं. मुदत, पाठवणाऱ्या डॉक्टरकडे निकाल गेल्यापासून २० दिवस. लक्षणीय कशाला म्हणायचं, याचीही व्याख्या आहे: जे कळल्यावर समंजस माणूस तीन महिन्यांच्या आत पुढची तपासणी किंवा उपचार शोधेल, ते. साधे एक्स-रे, गरोदरपणातली नेहमीची सोनोग्राफी, दाखल झालेले आणि तातडीच्या विभागातले रुग्ण यांना त्यातून वगळलं आहे.

मला या कायद्यातली एक बारीक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्या पत्रात गाठ कुठे, केवढी, हे लिहायची सक्ती नाही. पत्रात लिहायचं ते असं: तपासणी कोणत्या तारखेची, कोणत्या डॉक्टरने सांगितलेली, निकाल त्याच्याकडे कधी पाठवला, निकालावर आणखी बोलणं गरजेचं आहे असं आमच्या सेंटरला वाटतं, आणि लवकरात लवकर तुमच्या डॉक्टरला भेटा. पत्र टपालाने जाऊ शकतं, ईमेलने जाऊ शकतं, किंवा तिथल्या तिथे हातात देऊन पोच म्हणून सही घेता येते. म्हणजे निदान सांगण्याचं काम डॉक्टरकडेच राहतं. पण 'बाकी सब ठीक है' म्हणायला कोणाला जागा उरत नाही.

स्तनाच्या तपासणीत अमेरिकेचा कायदा याहून जुना आहे. मॅमोग्राफीच्या दर्जाचा केंद्रीय कायदा १९९२ चा. त्याखाली सेंटरला ३० दिवसांत रुग्णाला साध्या भाषेतला सारांश पाठवावा लागतो. नव्या नियमांनुसार निकाल संशयास्पद किंवा कॅन्सरकडे बोट दाखवणारा असेल तर ही मुदत ७ दिवसांची आहे. १० सप्टेंबर २०२४ पासून स्तनाच्या ऊतींची घनता किती आहे हेही बाईला कळवावं लागतं, कारण घन ऊतींत गाठ लपते. ही घनता कळवण्याचा पहिला कायदा २००९ मध्ये कनेक्टिकट राज्यात झाला. तो झाला तो नॅन्सी कॅपेलो या बाईंनी पाठपुरावा केला म्हणून. वर्षानुवर्षं मॅमोग्राम नॉर्मल येऊन त्यांचा कॅन्सर पुढच्या टप्प्यात सापडला होता.

इंग्लंडमध्ये आरोग्यसेवेतल्या चुकांचा तपास करणाऱ्या तिथल्या सरकारी शाखेने २०१९ मध्ये अशाच एका प्रकरणावर अहवाल काढला. ७६ वर्षांच्या बाईंच्या छातीच्या एक्स-रेमध्ये कॅन्सरचा संशय लिहिलेला होता आणि त्यावर पुढे कोणी काही केलं नाही. मी तो वाचला तेव्हा आमच्या काकू आठवल्या. फरक इतकाच की तिथे रिपोर्ट रुग्णालयाच्या यंत्रणेत हरवला होता. आपल्याकडे तो काकूंच्या कपाटात होता.

माझ्या मते सगळं प्रकरण या फरकात आहे. अमेरिकेतले कायदे ज्या काळात घडले तेव्हा रिपोर्ट डॉक्टरकडून डॉक्टरकडे जायचा आणि रुग्णाला तो दिसतही नसे. २०२१ च्या एप्रिलपासून तिथे निकाल रुग्णाला ऑनलाइन तत्काळ दिसायला हवा असा केंद्रीय नियम आला, म्हणजे ते आता आपल्या जागी येऊन पोचले. आपण पहिल्यापासून तिथेच आहोत. आपला रुग्ण स्वतःची फिल्म स्वतः बगलेत धरून या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे जातो. रिपोर्ट त्याच्याच हातात असतो. म्हणून सगळ्यांना वाटतं की त्याला कळलं. आपल्याकडे जो कायदा हवा तो 'रिपोर्ट पोचवा' असा असून चालणार नाही.

आपल्याकडे काय आहे

भारतीय वैद्यक परिषदेचे आचारसंहितेचे २००२ चे नियम आहेत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवे नियम काढले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले, आणि जुनेच पुन्हा लागू झाले. त्यात दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षं सांभाळायचे आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असं आहे. याचा उपयोग होतो. मुलाने सेंटरला लेखी अर्ज दिला तेव्हा प्रतिमांची सीडी दुसऱ्या दिवशी मिळाली. पण युरॉलॉजिस्टकडे काकूंची नोंदच नव्हती. तीन वर्षांचा नियम दाखल रुग्णांसाठी आहे. ओपीडीत दाखवून गेलेल्या माणसाची एकुलती एक नोंद म्हणजे त्याच्या हातातली चिठ्ठी. ती काकूंनी पिशवीत जपून ठेवली होती. 'सीटी: ५ एमएम, डावीकडे' हे तीन-चार शब्द या प्रकरणातला सगळ्यांत मोलाचा कागद ठरले, कारण डॉक्टरांनी काय वाचलं आणि काय नाही ते त्यांच्याच अक्षरात आहे.

त्याच नियमांमध्ये आणखी एक कलम आहे, २.३. रुग्णाच्या प्रकृतीचं गांभीर्य डॉक्टरने वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. रुग्णाला किंवा त्याच्या नातेवाइकांना त्यांच्या हिताला पुरेल एवढी माहिती आहे याची डॉक्टरने स्वतः खात्री करून घ्यावी. खात्री करून घ्यावी, असे शब्द आहेत. कागद द्यावा, असे नाहीत. मला हे कलम फार आवडतं. पण कोणत्या डॉक्टरने, कितव्या दिवशी, कोणत्या भाषेत, हे त्यात नाही. सीटी काढणारा रेडिओलॉजिस्ट आणि सीटी सांगणारा युरॉलॉजिस्ट, दोघंही डॉक्टर. मग खात्री कोणी करायची?

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेत, जी केंद्राच्या आरोग्य खात्याने २०१९ मध्ये राज्यांकडे पाठवली, रुग्णाला त्याच्या आजाराची माहिती त्याला समजेल अशा पद्धतीने, त्याच्या भाषेत मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे. पण सनद म्हणजे कायदा नव्हे. मध्य प्रदेशात दवाखाने आणि नर्सिंग होमच्या नोंदणीसाठी राज्याचा स्वतःचा १९७३ चा कायदा चालतो.

आणि तरीही इमेजिंग सेंटरला स्थानिक भाषेत लिहायला लावणं आपल्या कायद्याला जमत नाही असं कोणी म्हणू नये. कुठल्याही सोनोग्राफी सेंटरच्या दारात उभे राहा. इथे गर्भलिंग तपासणी होत नाही, हा फलक इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत असतो; इंदूरमध्ये हिंदीत, नजरेत भरेल अशा अक्षरांत. १९९४ च्या कायद्याने आणि त्याच्या नियमांनी तो लावायला लावला. प्रत्येक गरोदर बाईचा फॉर्म भरायचा, नोंदी दोन वर्षं जपायच्या, लिंग शब्दाने, खुणेने किंवा कुठल्याही मार्गाने सांगायचं नाही. मी तो काळ आतून बघितला आहे. आधी सगळे म्हणाले, एवढी कागदपत्रं कोण करणार. मग सगळ्यांनी केली. प्रतिमेतलं रुग्णाला काय सांगू नये, हे आपण इतक्या काटेकोरपणे ठरवून दाखवलं. काय सांगावंच, याची एक ओळही सेंटरवर बंधनकारक नाही.

तक्रार

मुलाला पोलिसांत जायचं होतं. वकिलांनी पहिल्याच बैठकीत ते बाजूला ठेवलं. डॉक्टरवर फौजदारी निष्काळजीपणा लावायचा तर तो ढोबळ, अक्षम्य स्वरूपाचा असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात सांगितलं आहे. रिपोर्टची एक ओळ न वाचणं त्या मापात बसवणं अवघड होतं. ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा होता. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे १९९५ पासून पक्कं आहे. २०१९ च्या कायद्यात जिल्हा आयोगाचं क्षेत्र मोबदला म्हणून दिलेल्या रकमेवर ठरतं, आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी लागत नाही. काकूंनी सीटी आणि तपासणी मिळून काही हजार दिले होते.

मुदत दोन वर्षांची. पण कुठून मोजायची? कुटुंबाला एप्रिल २०२३ मध्ये कळलं. सीटी फेब्रुवारी २०२२ चा. पोटात राहून गेलेल्या गॉजच्या एका खटल्यात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की निष्काळजीपणाचा परिणाम उघड नसेल तर मुदत तो कळल्यापासून धरता येते. मात्र वाजवी काळजी घेतली असती तर आधी कळलं असतं अशी स्थिती असेल, तर उशिरा येणाऱ्याला ती सवलत नाही. त्या खटल्यात बाईंची तक्रार मुदतबाह्य ठरली. वकिलांनी चष्म्यावरून मुलाकडे बघत विचारलं, "रिपोर्ट कोणाकडे होता?" मुलगा म्हणाला, "आमच्याकडेच." "मग वाद नकोच," वकील म्हणाले, "सीटीच्या तारखेपासून दोन वर्षं धरू." तक्रार जानेवारी २०२४ मध्ये दाखल झाली. ज्यांना असं काही लढायचं असेल त्यांनी हे लक्षात ठेवावं. दुःखात वर्षभर कसं निघून जातं ते कळत नाही.

काकू सुरुवातीला तयार नव्हत्या. खड्याच्या दुखण्यात त्या डॉक्टरांनी रात्री फोन उचलला होता, ते त्यांना विसरता येत नव्हतं. केमोच्या चौथ्या फेरीनंतर, डोक्याला रुमाल बांधून बसल्या असताना, त्यांनी होकार दिला. अट एक घातली. पैशांबरोबर आणखी एक गोष्ट मागायची.

दोन्ही बाजूंची उत्तरं आली. सेंटरचं म्हणणं: गाठ आम्ही शोधली, लिहिली, पुढची तपासणीही सुचवली, रिपोर्ट दिला तिथे आमचं काम संपलं. युरॉलॉजिस्टचं म्हणणं: मला खड्यासाठी विचारलं होतं, निष्कर्षात गाठीचा उल्लेख नव्हता. आणि दोघांच्याही उत्तरात एक परिच्छेद जवळजवळ सारखा: संपूर्ण रिपोर्ट पहिल्या दिवसापासून रुग्णाच्या ताब्यात होता.

तिन्ही विधानं खरी आहेत. म्हणूनच मला या प्रकरणात कोणा एकाला खलनायक करून मोकळं होता येत नाही. अमेरिकन रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की जे आज तातडीचं नाही पण दुर्लक्ष झालं तर कालांतराने रुग्णाला घातक ठरेल, अशा निष्कर्षाबद्दल नुसत्या रिपोर्टवर न थांबता पाठवणाऱ्या डॉक्टरला वेगळं कळवावं. आमच्या काळात ते आपोआप व्हायचं. ओल्या फिल्म वाळत घातलेल्या असायच्या, सर्जन स्वतः खाली यायचे, आमचे सर फिल्मवर पेन्सिल ठेवून म्हणायचे, हे बघा, हे मला आवडलं नाही. आता सीटी इंदूरमध्ये निघतो, वाचणारा दुसऱ्या शहरात रात्री घरून वाचतो, पाठवणाऱ्या डॉक्टरचा आवाजही त्याने ऐकलेला नसतो. तो माणूस कमी कसोशीचा नाही. त्याने ओळ लिहिली आहे. ती ओळ घेऊन कोणाच्या तरी दारापर्यंत चालत जाणारा माणूस मधून गेला, आणि त्याच्या जागी काही ठेवायचं राहून गेलं.

काकूंची दुसरी मागणी या रिकाम्या जागेबद्दल आहे. ग्राहक आयोगाला सेवेतली उणीव दूर करण्याचा आदेश देता येतो, ते कलम ३९ मध्ये आहे. म्हणून तक्रारीच्या शेवटी, भरपाईच्या रकमेखाली, अशी विनंती आहे की सेंटरने अशा प्रत्येक निष्कर्षासाठी रिपोर्टसोबत रुग्णाच्या भाषेत वेगळी चिठ्ठी द्यावी, ती वाचून दाखवावी, आणि सही घेऊन स्थळप्रत ठेवावी. वकिलांनी नमुना मागितला तेव्हा मी रिपोर्टच्या मागे लिहिलेलीच वाक्यं त्यांना दिली. काकूंनी ती काढून घेतली आणि पेन मागितलं. 'सल्ला आहे' त्यांनी खोडलं. "सल्ला कोण ऐकतं? करून घ्या, असं लिही. आणि किती दिवसांत ते लिही, नाहीतर माणूस दिवाळीनंतर बघू म्हणतो."

तक्रारीला जोडलेला नमुना आता असा आहे, हिंदीत आणि मराठीत:

तुम्ही ज्यासाठी तपासणी केली त्याशिवाय आणखी एक गोष्ट दिसली आहे. ती कशाची आहे हे या तपासणीतून कळत नाही. ही चिठ्ठी घेऊन तुमच्या डॉक्टरांना १५ दिवसांच्या आत भेटा आणि त्यांनी सांगितलेली पुढची तपासणी करून घ्या. ही चिठ्ठी तुम्हाला वाचून दाखवली आहे. वाचून दाखवणाऱ्याचं नाव. तारीख. तुमची सही.

प्रकरण सुरू आहे. काकूंचं रेडिएशन झालं, दर तीन महिन्यांनी सीटी होतो. रिपोर्ट आला की त्या आता मुलाला फोनवर पहिल्या ओळीपासून वाचायला लावतात, आणि दुसरं पान आलं की सांगतात, हळू वाच.